रिपोर्टचे बटण दाबून थांबू नका : मुलांची खोटी खाती आणि फोटो यांची तक्रार गोव्यात कशी करायची

मुलीच्या फोटोवर कुणीतरी खोटे खाते उघडल्याचे कळले की घराघरांत एकच गोष्ट होते. मावशी, काका, चुलत भावंडे, शेजारी अशा सगळ्यांना फोन जातो : ‘लिंक पाठवलीय, जाऊन रिपोर्ट मार.’ पन्नास जण रिपोर्ट मारतात. मग अ‍ॅपकडून उत्तर येते की आमच्या धोरणाचा भंग झालेला दिसत नाही. इथे बहुतेक जण हात टेकतात.

पन्नास जणांनी सांगितले म्हणून खाते जात नाही. शिवाय ते बटण ही कंपनीची घरगुती सोय आहे. कायद्याने दिलेली तक्रार निराळी असते. तिला मुदत असते, क्रमांक असतो आणि तिच्यावर अपील करता येते. आमच्या नात्यातल्या एका मुलीच्या शिमगोत्सवातल्या फोटोंवरून असे खाते निघाले, तेव्हा यातली बहुतेक दारे ठोठावून झाली. पुढे ओळखीच्या काही घरांना मदत करताना कामाचा क्रम पक्का झाला. तोच इथे देत आहे. मूल अठरा वर्षांखालचे आहे असे धरून चाला.

१. आधी प्रकरण ओळखा

कुठल्या दारावर आधी जायचे ते यावर ठरते.

मुलाचा किंवा मुलीचा उघडा फोटो, व्हिडिओ, कपडे काढल्यासारखा बनवलेला एआय फोटो, किंवा ‘पैसे दे, नाहीतर फोटो पसरवतो’ अशी धमकी : हा गुन्हा आहे. पोलीस आणि कंपनी, दोन्हीकडे त्याच दिवशी जा. खालची सहावी पायरी आधी वाचा.

साध्या फोटोवर, नावावर खोटे खाते : कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यापासून सुरुवात करा. त्या खात्यावरून घाणेरडे मेसेज जात असतील तर पोलिसांतही जा.

वर्गातल्या मुलांनी चालवलेले चिडवण्याचे पान, ग्रुपमधून काढणे, मीम बनवणे : आधी शाळा. मुख्याध्यापकांना लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. समोरचाही अल्पवयीनच असतो. पोलीस प्रकरण झाले तर तो बाल न्याय मंडळापुढे उभा राहतो आणि दोन्ही घरे वर्षभर होरपळतात. चिडवण्याने मूल खचले असेल किंवा धमक्या असतील तर मात्र शाळेच्या अब्रूची काळजी तुम्ही करू नका.

२. पुरावा घ्या, मगच ब्लॉक करा

पहिला हात ब्लॉककडे जातो. तो आवरा. ब्लॉक केले की तुमच्या फोनवरून ते खाते दिसेनासे होते आणि पोलिसांना दाखवायला काही उरत नाही. मुलाचे खाते घाईने डिलीट करणे त्याहून वाईट, कारण धमक्यांचे सगळे मेसेज त्यातच असतात.

घ्यायचे ते असे :

- खात्याची लिंक. नुसते नाव पुरत नाही, नाव कधीही बदलता येते. इन्स्टाग्रामवर प्रोफाइलच्या वरच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर दाबले की लिंक कॉपी करता येते. तिथेच ‘या खात्याविषयी’ असा पर्याय दिसला तर तोही उघडून पाहा. खाते कधी उघडले ते त्यात असते, कधी आधीची नावेही असतात. त्या पानाचा स्क्रीनशॉट काढा.
- प्रत्येक पोस्टची, रीलची, कमेंटची वेगळी लिंक. ‘ते पूर्ण खातेच काढा’ म्हटल्यावर गोष्ट रेंगाळते. नेमक्या पोस्टवर बोट ठेवले की हलते.
- तारीख-वेळ दिसेल असे पूर्ण स्क्रीनचे स्क्रीनशॉट. कापून, गोल करून, बाण काढून सजवू नका.

स्नॅपचॅटवर स्क्रीनशॉट काढला की समोरच्याला कळते, आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या एकदाच दिसणाऱ्या फोटोचा स्क्रीनशॉट निघतच नाही. दुसऱ्या फोनने त्या स्क्रीनचा फोटो काढा, बाजूला भिंतीवरचे घड्याळ आले तर उत्तम. ज्या फोनवर मेसेज आले तो फोन विकू, फॉरमॅट करू किंवा दुरुस्तीला देऊ नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र लागते आणि मूळ फोन हाताशी असला की ते सोपे जाते.

सावध : फोटो उघडा किंवा लैंगिक असेल तर त्याच्या प्रती काढू नका आणि कुणालाही पाठवू नका, ‘पुरावा म्हणून’ पालकांच्या ग्रुपवर तर नाहीच. मुलांची अशी सामग्री बाळगणे आणि पसरवणे हाच पॉक्सो, म्हणजे मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांचा कायदा, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७-ब खाली गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये या बाबतीत फार कडक निकाल दिला आहे. अशा वेळी लिंक लिहून ठेवा, खात्याच्या नावाचा स्क्रीनशॉट घ्या आणि बाकीचे पोलिसांना फोनवरच दाखवा. गावच्या ग्रुपवर ‘सगळ्यांनी हे खाते रिपोर्ट करा’ म्हणून फोटोसकट फिरणारा मेसेज त्या मुलीचे जितके नुकसान करतो तितके कधी कधी मूळ खातेही करत नाही.

३. कागदपत्रे

- मुलाचा जन्मदाखला
- आई किंवा वडिलांचे ओळखपत्र. आधार द्यायचे तर शेवटचे चारच आकडे दिसणारे
- मुलाचे शाळेचे ओळखपत्र आणि खऱ्या खात्याची लिंक, असल्यास
- लिंकांची यादी, एका कागदावर, क्रमाने
- मूळ फोटो तुमच्याकडे असल्यास तो. खोट्या खात्याने कुठून उचलला ते दाखवायला लागतो
- हातात असलेला, चालू मोबाइल क्रमांक

शेवटची ओळ उगाच नाही. आपल्याकडे कित्येक घरांत वडील जहाजावर किंवा आखातात असतात आणि सिम, ईमेल त्यांच्या नावावर. ओटीपी तिकडे जातो आणि इथे आई खोळंबून बसते. तक्रार आईने स्वतःच्या क्रमांकावरून करावी. वडिलांच्या सहीसाठी थांबायचे कारण नाही.

मुलाने खाते उघडताना जन्मसाल खोटे टाकले असेल तर आता कळेल. तेराच्या आतल्या मुलांना बहुतेक मोठ्या अ‍ॅपवर खाते उघडता येत नाही, म्हणून १९९९ किंवा २००० टाकून मोकळे होतात. मग कंपनीच्या लेखी तुमची सातवीतली मुलगी पंचविशीची बाई ठरते आणि मुलांसाठीची संरक्षणे तिला लागूच होत नाहीत. तक्रारीसोबत जन्मदाखला जोडायचा तो यासाठी.

४. अ‍ॅपमधला रिपोर्ट : करा, पण नीट

बटण निरुपयोगी नाही. कारण निवडताना ‘मला आवडत नाही’ किंवा ‘स्पॅम’ निवडले की तक्रार भलत्याच रांगेत जाते. खोट्या खात्यासाठी ‘दुसऱ्याचे सोंग घेणे’ हा पर्याय शोधा. मग कुणाचे सोंग असे विचारले की ‘माझ्या ओळखीच्या व्यक्तीचे’ निवडून खरे खाते दाखवा. मुलीचे खातेच नसेल तर अ‍ॅपमधले बटण अडते. तेव्हा मदत केंद्राच्या संकेतस्थळावरचा अर्ज भरायचा. उत्तर आले, तेही नकाराचे, तर जपून ठेवा, पुढे कामाला येते.

व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट केल्यावर त्या व्यक्तीचे शेवटचे पाच मेसेज कंपनीकडे जातात. रिपोर्टसोबत चॅट डिलीट करण्याची खूण तिथे असते, ती काढा.

५. तक्रार निवारण अधिकारी : खरी तक्रार इथे

माहिती तंत्रज्ञान नियम २०२१ मध्ये आले. त्यांनी प्रत्येक समाजमाध्यम कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमायला आणि त्याचे नाव व संपर्क संकेतस्थळावर द्यायला लावले. ५० लाखांहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या कंपन्यांचा हा अधिकारी भारतात राहणारा असावा लागतो. त्याचे पान शोधायला जरा खणावे लागते. अ‍ॅपच्या मदत केंद्रात ‘इंडिया ग्रीव्हन्स ऑफिसर’ असे शोधा. गूगलवर सापडलेल्या ‘कस्टमर केअर’ क्रमांकावर फोन करू नका, ते ठकसेनांचे असतात. ‘दोन हजारांत खाते उडवून देतो’ म्हणणारेही त्याच जातीचे.

नियम ३(२)(ब) लक्षात ठेवा. उघडे अंग किंवा लैंगिक कृत्य दाखवणारा मजकूर आणि सोंग घेतलेला मजकूर, मॉर्फ केलेल्या, म्हणजे फेरफार केलेल्या, फोटोंसह, त्याखाली येतो. त्या व्यक्तीने किंवा तिच्या वतीने दुसऱ्या कुणीही तक्रार करावी आणि कंपनीने २४ तासांच्या आत तो हटवण्यासाठी पावले उचलावीत, असे २०२१ चा नियम सांगतो. नंतरच्या दुरुस्त्यांनी मुदती आणखी आवळल्या आहेत, म्हणून २४ तास ही जास्तीत जास्त समजा. इतर तक्रारींची पोच २४ तासांत मिळायला हवी, आणि निकालाची मूळ मुदत १५ दिवसांची होती.

पत्र लांबवू नका. आम्ही पहिल्यांदा दीड पान लिहिले होते : मुलगी किती हुशार आहे, घरात रडारड कशी चालू आहे. त्याला ठोकळेबाज उत्तर आले. मग असे लिहिले :

‘मी अमुक यांची आई. माझी मुलगी १३ वर्षांची आहे, जन्मदाखला सोबत. खालील लिंकवरील खाते तिचे फोटो व नाव वापरून तिचे सोंग घेत आहे. हे खाते तिचे नाही आणि फोटो वापरायला आम्ही परवानगी दिलेली नाही. माहिती तंत्रज्ञान नियम २०२१ च्या नियम ३(२)(ब) खाली ही तक्रार आहे. कृपया मुदतीत खाते हटवावे, नोंदी जपून ठेवाव्यात आणि तक्रार क्रमांक कळवावा.’

खाली लिंका, एकाखाली एक. हे इंग्रजीत करून पाठवा, कारण अर्ज सहसा इंग्रजीतच असतो. कमेंट कोकणीत किंवा मराठीत असतील, त्यातही रोमन अक्षरांत, तर प्रत्येकीपुढे अर्थ लिहा. पेडण्यात किंवा फोंड्यात कुठला शब्द शिवी म्हणून वापरतात, हे बसल्या जागी त्या कंपनीच्या माणसाला कसे कळणार? ‘टोपणनाव आहे, पण शाळेत तिच्या जातीवरून चिडवायला वापरतात’ अशी एक ओळ पुरते.

मुदत संपली किंवा नकार आला तर तक्रार अपील समिती आहे. ती केंद्र सरकारने नेमलेली असून २०२३ पासून चालू आहे. जीएसी डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर सगळे ऑनलाइन होते, दिल्लीला जावे लागत नाही. अधिकाऱ्याचे उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करायचे आणि समितीने ३० दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न करायचा, असा नियम आहे. तक्रार क्रमांक नसेल तर अपिलाला धड बूडच राहत नाही. बटण दाबून थांबलेले लोक इथेच अडतात.

६. पोलीस

तीन वाटा आहेत. १९३० हा सायबर गुन्ह्यांचा क्रमांक. खंडणीत पैसे गेले असतील तर आधी तोच लावा, पहिल्या तासांत पैसे अडवता येण्याची शक्यता सर्वांत जास्त. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर महिला व मुलांसंबंधीच्या गुन्ह्यांचा वेगळा विभाग आहे. तिथे निनावी तक्रार करता येते, पण तिचे पुढे काय झाले ते तुम्हाला पाहता येत नाही. नाव देऊन केली तर क्रमांक मिळतो. आणि तिसरी वाट म्हणजे पोलीस स्थानक.

पोर्टलवरची नोंद म्हणजे एफआयआर नव्हे. ती झाली की लोक निर्धास्त होतात. मुलाच्या लैंगिक फोटोचे किंवा धमकीचे प्रकरण असेल तर स्थानकात जाच. रायबंदरला सायबर गुन्हे पोलीस स्थानक आहे, पण काणकोण, वाळपईहून तिथपर्यंत धावायची सक्ती नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी कुठल्याही स्थानकाला माहिती नोंदवून घ्यावी लागते, आणि एफआयआरची प्रत फुकट द्यावी लागते. ‘हे सायबरवाल्यांचे काम, तिकडे जा’ असे आम्हालाही एका ठिकाणी ऐकवले गेले. तेव्हा कलमाचा आकडा शांतपणे सांगायचा. तरी नाही घेतली, तर जिल्हा पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवता येते.

तक्रार मराठीत द्या. १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणीबरोबर मराठीच्या वापराचीही सोय आहे. मोडक्या इंग्रजीत अर्धवट लिहून तपशील घालवू नका.

पॉक्सो लागला की मुलाला काही गोष्टी मिळायलाच हव्यात. जबाब घरी किंवा मुलाला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा. आई-वडील किंवा विश्वासाचे माणूस जवळ असावे. रात्री मुलाला स्थानकात ठेवता येत नाही. पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला आणि न्यायालयाला कळवायचे असते. आपल्याकडे २००३ चा स्वतंत्र गोवा बाल कायदा आहे आणि पणजीत बाल न्यायालय आहे. त्या कायद्यात फोटो धुणाऱ्या स्टुडिओवाल्यांना मुलांचे अश्लील फोटो दिसले तर पोलिसांना कळवायला सांगितले होते. वीस-बावीस वर्षांत स्टुडिओ प्रत्येकाच्या खिशात आला.

अशा प्रकरणात मुलाची ओळख उघड करणे गुन्हा आहे, हे पत्रकार मित्राला सांगण्याआधी लक्षात घ्या. शाळेचे नाव, वाडा, वडिलांचा हुद्दा यातूनही ओळख फुटते, गोवा केवढासा.

खंडणी मागणाऱ्याला पैसे देऊ नका. एकदा दिले की रक्कम वाढते, हे जवळपास ठरलेलेच. उत्तर देणे थांबवा, पण चॅट ठेवा.

७. फोटो पुढे पसरू नये म्हणून

‘टेक इट डाउन’ ही अठराखालच्या वयात काढलेल्या उघड्या फोटोंसाठीची मोफत सेवा आहे. ती अमेरिकेतली बालहक्कांची एक संस्था चालवते. मुलाच्या फोनवरच त्या फोटोचा डिजिटल ठसा बनतो आणि फक्त तो ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो. फोटो फोनबाहेर पडत नाही. इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅट त्यात आहेत. नाव द्यावे लागत नाही. अठरा पूर्ण झालेल्यांसाठी ‘स्टॉप एनसीआयआय’ आहे. व्हॉट्सअ‍ॅपसारख्या कूटबद्ध चॅटमध्ये फिरणारा फोटो यातून थांबत नाही, तेवढे लक्षात ठेवा.

८. मूल

फोन काढून घेणे ही शिक्षा मुलाला सर्वांत आधी दिसते आणि म्हणूनच ते आठवडाभर गप्प राहते. सांगितल्यावर पहिले वाक्य ‘बरे केलेस सांगितलेस’ एवढेच असू दे. चौकशी नंतर. मूल जेवत नसेल, झोपत नसेल, जगायचे नाही असे बोलत असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ किंवा चाइल्डलाइनचा १०९८ लावा. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत जायला लाज कसली?

९. बंदी येईल तेव्हा येईल, सेटिंग आज करा

ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळाखालच्यांना समाजमाध्यमांची खाती बंद केली. जबाबदारी कंपन्यांवर टाकली, दंड जास्तीत जास्त ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. जानेवारी २०२६ मध्ये गोव्याचे माहिती तंत्रज्ञान मंत्री रोहन खंवटे यांनी गोव्यातही तसे करता येईल का ते तपासत असल्याचे सांगितले. पण हे क्षेत्र केंद्राच्या कायद्याचे आहे. केंद्राच्या २०२३ च्या वैयक्तिक डेटा कायद्यात अठराखालच्यांसाठी पालकांची पडताळलेली संमती आणि मुलांचा माग काढून जाहिराती दाखवण्यावर बंदी आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण मुख्य बंधने १८ महिन्यांनी, म्हणजे २०२७ च्या मध्याला लागू व्हायची आहेत. बंदीने सगळे सुटेल असे मला वाटत नाही. खोटे जन्मसाल टाकणारी मुले बंदीतही तेच करतील. पण वय तपासायची जबाबदारी कंपनीवर टाकणे मात्र योग्यच आहे.

तोवर हे करा. मुलाच्या खात्यातले जन्मसाल खरे करा. इन्स्टाग्रामवर खरे वय असेल तर ‘टीन अकाउंट’ आपोआप लागते : खाते खासगी, अनोळखींचे मेसेज बंद, रात्री १० ते सकाळी ७ सूचना बंद. सोळाखालच्या मुलाला ही बंधने सैल करायला पालकांची परवानगी लागते. पालकांना मुलाच्या फोनवर लक्ष ठेवू देणारे गूगलचे ‘फॅमिली लिंक’ लहान मुलांच्या फोनसाठी ठीक आहे, दहावीतल्या मुलावर लादले तर ते दुसऱ्याचा फोन वापरेल. आणि आपणही जरा : चतुर्थीला गणवेशातल्या, शाळेच्या बिल्ल्यासकट पोरांचे फोटो सर्वांना दिसतील असे टाकणारे बहुतेक वेळा आई-वडीलच असतात.

१०. खाते गेल्यावर

खाते हटले तरी फाइल बंद करू नका. नियमांप्रमाणे कंपनीने हटवलेला मजकूर आणि नोंदी तपासासाठी १८० दिवस जपायच्या असतात. पोलिसांनी त्या मागवल्या का, हे तपास अधिकाऱ्याला लेखी विचारा, तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच. तेच फोटो वापरून नवे खाते निघाले तर नवी तक्रार करताना जुना क्रमांक वर टाका आणि ‘हेच कृत्य पुन्हा’ असे लिहा. हटवल्याचा ईमेल, पोच, एफआयआरची प्रत हे सगळे छापून एका फाइलमध्ये ठेवा. फोन बदलतो, ईमेलचा पासवर्ड विसरतो, आणि बाल न्यायालयात साक्षीचा समन्स येतो तेव्हा मूल कॉलेजात पोचलेले असू शकते.